चाळिशीचा चष्मा घेताना अंतर मोजून न्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाचायचा चष्मा घ्यायला गेलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न वयाचा विचारतात. पंचेचाळीस म्हटले की सव्वा, पन्नास म्हटले की दोन, साठीच्या पुढे अडीच. छापील कार्ड समोर धरले जाते, अक्षरे दिसतात आणि व्यवहार संपतो. तक्रारी सुरू होतात त्या घरी गेल्यावर. पेपर वाचता येतो पण संगणकाचा पडदा पुसट दिसतो; मशीनची सुई दिसते पण टेबलावर पसरलेले कापड धूसर होते. मग दोष नंबराला दिला जातो. नंबर बहुधा बरोबरच असतो, पण ज्या अंतरासाठी तो काढला ते अंतर त्या माणसाच्या कामाचे नसते. चष्मे तपासून देण्याच्या व्यवसायातली ही अगदी प्राथमिक गोष्ट ग्राहकांपर्यंत पोचत नाही, म्हणून हे पत्र.

डोळ्याच्या आतले भिंग लहानपणी मऊ असते. जवळचे पाहताना आतला स्नायू आवळतो आणि भिंग फुगते. दहा वर्षांच्या मुलाला आठ सेंटिमीटरवरचे अक्षरही स्पष्ट दिसते ते यामुळेच. वयाबरोबर भिंग कडक होत जाते. चाळिशीत, २०-२५ सेंटिमीटरच्या अलीकडचे काही स्पष्ट दिसेनासे झालेले असते आणि साठीपर्यंत फुगण्याची ही ताकद जवळपास संपते. भिंगच कडक झाल्यावर स्नायूला व्यायाम देऊन उपयोग काय? त्राटक, गाजराचा रस, डोळ्यांत तूप यांपैकी कशानेही चाळिशी जात नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूतही सोडून द्यावी. चष्मा न लावणाऱ्याचा नंबरही त्याच वेगाने वाढत असतो. कागद लांब धरून तो वेळ मारून नेत असतो इतकेच. २०२४ मध्ये चाळिशीसाठी डोळ्यांत घालायच्या पायलोकार्पिन या औषधाच्या थेंबांना आपल्याकडे आधी परवानगी मिळाली आणि जाहिरातीतल्या दाव्यांवरून काही दिवसांतच ती स्थगित झाली. त्या थेंबांनी बाहुली लहान होते, त्यामुळे काही तास जवळचे थोडे स्पष्ट दिसते. पण अंधुक उजेडात दिसणे कमी होते, काहींचे डोके दुखते. भिंग त्याने मऊ होत नाही. ‘चष्मा कायमचा घालवा’ अशी जाहिरात छापण्याआधी वृत्तपत्रांनी एवढे लक्षात घ्यावे, ही विनंती.

आता अंतराचा हिशेब. शंभराला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागा, म्हणजे त्या अंतरासाठी लागणारी जास्तीची ताकद (चष्म्याचा नंबर) मिळते. पेपर ४० सेंटिमीटरवर धरला तर २.५०. पन्नासवर २.००. संगणक ६६ सेंटिमीटरवर असेल तर १.५०. हाताच्या पलीकडे, एक मीटरवर, १.००. साठी ओलांडलेल्या आणि लांबचा नंबर नसलेल्या माणसाला हे आकडे जवळपास जसेच्या तसे लागू पडतात. पंचेचाळिशीत भिंगात थोडी लवचीकता उरलेली असते, म्हणून त्याच ४० सेंटिमीटरला १.०० किंवा १.२५ पुरतो. पन्नाशीत दीड ते दोनच्या दरम्यान लागतो. साठीनंतर साधारण अडीचवर वाढ थांबते. वयावरून नंबर सांगणारे जे आकडे सांगतात ते इथूनच आले आहेत आणि ते सगळे पेपर वाचणाऱ्या माणसाचे आहेत.

पण सगळे दिवसभर पेपर वाचत नाहीत. विळीवर भाजी चिरणाऱ्या बाईची नजर ६०-६५ सेंटिमीटरवर असते. कीर्तनकाराची पोथी स्टँडवर साधारण तेवढ्याच अंतरावर. न्हाव्याचे काम पन्नासच्या आसपास, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे पंचवीसवर. एसटीच्या चालकाला समोरचा रस्ता आणि हातभर अंतरावरचे काटे, दोन्ही लागतात. अडीचच्या काचेतून साठ वर्षांच्या माणसाला चाळीस सेंटिमीटरच्या थोडे अलीकडे-पलीकडे स्पष्ट दिसते, साठवर पुसट. अशा वेळी भाजी चिरणाऱ्या बाईला ‘चांगला, जास्त नंबरचा’ चष्मा दिला तर ती विळीच्या पात्यावर वाकून बसते आणि संध्याकाळी पाठ धरते.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी एक काम करावे. नेहमीच्या जागी, नेहमीच्या बसण्याने काम सुरू करावे आणि दुसऱ्या कोणाकडून शिवणकामाच्या टेपने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून त्या वस्तूपर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. स्वतः मोजायला गेले की माणूस नकळत ताठ बसतो आणि माप चुकते. पेपर, मोबाइल, संगणक, मशीन, पोथी, जे रोज पाहायचे त्या प्रत्येकाचे अंतर कागदावर लिहावे आणि पुढे दिवसात किती वेळ ते काम चालते तेही लिहावे. वस्तू डोळ्यांच्या खाली आहे, समोर आहे की वर, हीसुद्धा नोंद हवी. वायरमन किंवा वरच्या फळीवरचा माल काढणारा किराणा दुकानदार बायफोकल (वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेली काच) घेतो आणि फसतो, कारण बायफोकलचा जवळचा भाग खाली असतो. वरचे वाचायला त्याला दिवसभर मान मागे टाकावी लागते. तपासणाऱ्याला हा कागद दाखवून ‘या अंतरावर तपासा’ असे स्पष्ट म्हणावे. चाचणीची काच डोळ्यावर असताना आपला मोबाइल किंवा सुईदोरा त्या अंतरावर धरून पाहावा.

चष्मा कोणत्या प्रकारचा, हे त्यानंतर ठरते. एकाच अंतराचे काम तासन्‌तास असेल तर एकाच नंबरची साधी काच सर्वांत उत्तम आणि सर्वांत स्वस्त असते. तिच्यात कडेपर्यंत स्पष्ट दिसते. तिचा तोटा एकच, तो म्हणजे मान वर केली की लांबचे धूसर.

बायफोकलमध्ये खालच्या भागाची वरची कड साधारणपणे खालच्या पापणीच्या काठाशी यावी लागते. शेतात, बांधावर चालणाऱ्याला ती दोन-तीन मिलिमीटर खाली दिलेली बरी. बायफोकलचा खालचा भाग सपाट माथ्याचा किंवा पूर्ण गोल येतो. गोल भाग कमी उठून दिसतो. पण त्याच्या कडेवरून नजर खाली जाताना वस्तू टुणकन उडाल्यासारखी भासते. सपाट माथ्यात हे कमी होते. जिना उतरताना खरा धोका आहे. पायरी दीड मीटरवर असते आणि आपण तिच्याकडे चाळीस सेंटिमीटरसाठी केलेल्या काचेतून पाहतो. ती पुसट तर दिसतेच, शिवाय आहे त्या जागी दिसत नाही. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह (तिच्याविषयी पुढे) लावणाऱ्याने जिन्यावर हनुवटी छातीकडे नेऊन काचेच्या वरच्या भागातून पाहावे आणि कठडा धरावा. ज्यांचे बाहेर फिरणे भरपूर आहे त्यांनी फक्त लांबच्या नंबरचा एक वेगळा चष्मा फिरण्यासाठी ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. बायफोकलची आणखी एक उणीव जवळचा जादा नंबर दोनच्या पुढे गेला की कळते. मधले अंतर, म्हणजे साठ सेंटिमीटर ते एक मीटर, वरूनही दिसत नाही आणि खालूनही नाही. संगणकासमोर बसणाऱ्याला हा प्रकार देऊच नये.

प्रोग्रेसिव्ह काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर वरून खाली हळूहळू बदलत जातो. मधली पट्टी अरुंद असते आणि दोन्ही बाजूंना खाली चित्र लहरते. हा काचेतला दोष नाही. असा नंबर बदलायचा तर ती लहर कुठेतरी येणारच. स्वस्त काचेत पट्टी अधिक अरुंद असते, महागात थोडी रुंद. पण महागडी प्रोग्रेसिव्ह चुकीच्या मापाने बसवली तर ती साध्या बायफोकलपेक्षा वाईट ठरते, आणि पैसे वाया जातात ते बहुधा इथेच.

माप घेण्याची रीत अशी. आधी फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून घ्यायची. नाकपट्ट्या, काड्या, खालचा कल, सगळे आधी. मग ग्राहक सरळ समोर पाहत असताना फ्रेममधल्या नमुन्याच्या काचेवर प्रत्येक डोळ्याच्या बाहुलीसमोर पेनाने खूण करायची आणि नाकाच्या मध्यापासून उजव्या व डाव्या बाहुलीचे अंतर वेगवेगळे लिहून घ्यायचे. चेहरे अगदी सारखे नसतात. उजवीकडे ३१ आणि डावीकडे ३३ मिलिमीटर असणे सर्वसाधारण आहे. खुणेपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत किमान १४ ते १८ मिलिमीटर उंची हवी; किती, ते काचेच्या रचनेवर ठरते. फ्रेमची एकूण उंची ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असलेली बरी. बारीक पट्टीसारख्या फ्रेममध्ये जवळचा भाग कापलाच जातो. काचेवर खूण न करता ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याकडून प्रोग्रेसिव्ह घेऊ नये.

चष्मा हाती आल्यावर पहिल्या दिवशी सकाळपासून तोच लावावा. मधेच जुना लावला तर सवय होत नाही. कडेचे पाहताना डोळे न फिरवता मान फिरवावी. दोन आठवड्यांत बहुतेकांना जमते. न जमल्यास चूक नेमकी कुठे आहे ते लक्षणांवरून ओळखता येते. वाचायला हनुवटी वर करावी लागत असेल तर काच खाली बसली आहे. समोरचा रस्ता पाहायला हनुवटी खाली दाबावी लागत असेल तर ती वर बसली आहे. वाचताना कागद किंवा मान एका बाजूला न्यावी लागत असेल तर बाहुलीचे आडवे माप चुकले आहे. काचेच्या दोन टोकांना ३४ मिलिमीटर अंतरावर दोन अतिसूक्ष्म खुणा कोरलेल्या असतात, बाहेरच्या खुणेखाली जादा नंबरही कोरलेला असतो. तिरप्या उजेडात त्या दिसतात. त्यावरून बसवणी तपासून द्या, असे दुकानदाराला सांगता येते आणि सांगावे.

कार्यालयात बसणाऱ्यांसाठी तिसरा पर्याय आहे. ४० सेंटिमीटरपासून दोन-तीन मीटरपर्यंतच दाखवणारी काच. पट्टी रुंद, लहर कमी, मान सरळ. तिने गाडी मात्र चालवू नये.

नंबराच्या चिठ्ठीकडे वळतो. तीवर स्फिअर (सरळ नंबर), सिलिंडर (तिरपा नंबर), ॲक्सिस (तिरप्या नंबराची दिशा) आणि ॲड असे रकाने असतात. ॲड म्हणजे लांबच्या नंबरात मिळवायची रक्कम. लांबचा +१.०० आणि ॲड २.०० असेल तर जवळचा +३.०० होतो. लांबचा −१.५० आणि ॲड २.०० तर जवळचा फक्त +०.५०. काही चिठ्ठ्यांवर ॲड लिहितात, काहींवर बेरीज करून जवळचा पूर्ण नंबर. दुकानात गोंधळ होतो तो यातूनच. +३.०० ला ॲड समजून चष्मा केला तर जवळचा +४.०० होतो आणि पन्नास सेंटिमीटरवर धरायचा कागद तेहतीसवर आणावा लागतो. उणे नंबरवाल्याने आपली ‘चाळिशी दोनची आहे’ असे ऐकून तयार +२.०० चा चष्मा घेतला तर गोंधळ आणखी मोठा होतो. लांबचा −२.५० असणाऱ्याला वाचायला अनेकदा चष्मा लागतच नाही. लांबचा उतरवला की ४० सेंटिमीटरवर स्वच्छ दिसते. अधिक-उणे चिन्ह ठळक लिहून घ्यावे.

बाहुल्यांमधले अंतर, ज्याला सगळे पीडी म्हणतात, ते चिठ्ठीवर क्वचितच असते. प्रौढ माणसात ते बहुधा ५८ ते ६८ मिलिमीटर असते, जवळ पाहताना तीन-चार मिलिमीटर कमी. काचेचा मध्य बाहुलीसमोर नसेल तर काच त्रिकोणी लोलकासारखी वागते. पाच नंबरची काच चार मिलिमीटर सरकली तर दोन प्रिझमचा (प्रिझम हे लोलकाच्या ओढ्याचे माप) ओढा डोळ्यावर येतो. मेंदू दोन चित्रे जुळवत राहतो, अर्ध्या तासात कपाळ ठणकते आणि माणूस म्हणतो नंबर लागू पडला नाही. आपली पीडी मागून घ्यावी आणि मोबाइलमध्ये जपून ठेवावी. प्रौढ वयात ती फारशी बदलत नाही.

रस्त्यावर आणि औषधाच्या दुकानात मिळणारे तयार चष्मे सरसकट वाईट नाहीत. लांबचे दोन्ही डोळ्यांनी चष्म्याशिवाय चांगले दिसत असेल, दोन्ही डोळे सारखे असतील, तिरपा नंबर पाऊणपेक्षा कमी असेल आणि चेहरा मध्यम मापाचा असेल, तर अर्धा तास पेपर वाचायला तयार चष्मा चालतो. त्याने डोळा बिघडत नाही. दोन्ही काचा एकाच नंबरच्या आणि मधले माप ठरावीक असल्याने बाकीच्यांना तो त्रास देतो. घेताना चौकटीच्या फरशीकडे किंवा दाराच्या उभ्या कडेकडे काचेतून पाहत चष्मा हळू हलवावा. रेघ मधेच वाकडी-तिकडी झाली तर काच सदोष आहे.

काचेच्या साहित्यावर जास्त बोलण्यासारखे नाही. एक ते तीन नंबरासाठी साधे सीआर-३९ प्लास्टिक पुरते. १.६७ किंवा १.७४ (हा आकडा काच उजेड किती वळवते त्याचा) ची ‘पातळ’ काच मोठ्या नंबरासाठी आहे. दोन नंबराला तिचा फायदा डोळ्याला जाणवतही नाही. सुतार, वेल्डर आणि एकाच डोळ्याने दिसणारी माणसे यांनी पॉलिकार्बोनेट घ्यावे, ते सहज फुटत नाही. परावर्तन थांबवणाऱ्या लेपावर मात्र पैसे जरूर घालावेत. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून आठ टक्के उजेड परत जातो, आणि वाढत्या वयाच्या डोळ्याला तो हवा असतो. निळ्या प्रकाशाच्या लेपाचे तसे नाही. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात संगणकाचा थकवा कमी करण्यात अशा काचा साध्या काचांपेक्षा सरस ठरल्याचे दिसले नाही. त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. लेप टिकवायचा तर काच आधी नळाखाली धरावी, भांड्यांच्या सौम्य साबणाचा एक थेंब लावावा, मग मऊ कापडाने टिपावी. पदराने किंवा सदऱ्याच्या टोकाने कोरडी पुसली की धुळीचे कण ओरखडे काढतात. गरम पाणी आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड यांनी लेपाला जाळीदार तडे जातात.

फ्रेमच्या काडीवर आत ५२, १८, १४० असे आकडे असतात. काचेची रुंदी, नाकावरचे अंतर, काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. जुनी फ्रेम नीट बसत असेल तर हेच आकडे पाहून नवी निवडावी. आपल्या घामाच्या हवेत नाकपट्ट्या नसलेली प्लास्टिकची फ्रेम घसरत राहते. प्रोग्रेसिव्हला ती नकोच. अधिक (+) चिन्हाच्या नंबरचा चष्मा नाकाच्या शेंड्याकडे सरकवल्यावर वाचायला बरे वाटू लागले, तर नंबर पाव-अर्ध्याने वाढल्याची ती खूण असते, कारण काच डोळ्यापासून दूर गेली की तिची ताकद थोडी वाढते.

उजेडाचा विचार फार कमी घरांत होतो. साठीच्या डोळ्यात विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड आत पोचतो, कारण बाहुली लहान झालेली असते आणि भिंग पिवळट. अशा वेळी नंबर वाढवून मागण्यापेक्षा दिवा जवळ आणावा. दोन मीटरवरचा दिवा एक मीटरवर आणला तर कागदावरचा उजेड चौपट होतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डाव्या खांद्याच्या मागून घ्यावा, म्हणजे हाताची सावली पडत नाही आणि दिवा डोळ्यांत येत नाही.

काही बदल चाळिशीचे नसतात, ते ओळखता यायला हवेत. सत्तरीत अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागले की घरात आनंद होतो. बहुधा तो वाढता मोतीबिंदू असतो, भिंगाचा गाभा घट्ट होऊन डोळा उणे नंबराकडे सरकलेला असतो. मधुमेहात साखर वर-खाली झाली की नंबरही हलतो. साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच चष्म्याचा नंबर काढावा. एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहावे. गज वाकडे दिसले तर डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी बिघाड असू शकतो, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. एकाएकी विजेसारख्या चमका, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे झाले तर त्याच दिवशी. डोळा लाल होऊन दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलटी होते, तर रात्र असली तरी थांबू नये. काचबिंदू मात्र बहुधा काहीच न सांगता नजर खातो. म्हणून चाळिशीचा पहिला चष्मा घेताना डोळ्यांचा दाब आणि दृष्टीची नस एकदा तपासून घ्यावीच. यंत्रासमोर हनुवटी टेकवून निघालेल्या छापील आकड्यांत यातले काहीच येत नाही.

हा विषय वाचनाच्या सोयीपुरता नाही. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचे चष्मे दिले त्यांची पाने खुडण्याची उत्पादकता चष्मा न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक वाढली. आपल्याकडे विडी वळणाऱ्या, जरीकाम करणाऱ्या, तांदूळ-डाळ निवडणाऱ्या किती बाया ‘आता दिसत नाही’ म्हणून काम सोडतात, याचा विचार व्हावा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना उपकरणांसाठी ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे आणि त्या उपकरणांत चष्मा येतो. ज्येष्ठांना हे सांगायला हवे.

चष्मावाटप शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना आणि संस्थांना शेवटी एक मागणी. नोंदणीच्या टेबलावर वयाच्या रकान्याशेजारी ‘काम’ आणि ‘कामाचे अंतर’ असे दोन रकाने वाढवावेत आणि शिवणकामाची एक टेप ठेवावी. सव्वा, दीड, दोन, अडीच असे चष्मे वयानुसार वाटण्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या अंतरावर सुई ओवून पाहू द्यावी. तिरपा नंबर असलेले किंवा दोन डोळ्यांत अर्ध्यापेक्षा जास्त फरक असलेले लोक बाजूला काढून त्यांचे चष्मे नंतर करून द्यावेत. चिठ्ठीवर लांबचा नंबर, ॲड, पीडी आणि कोणत्या अंतरासाठी तपासले ते सेंटिमीटर, या चार गोष्टी लिहून ती चिठ्ठी चष्म्याबरोबर माणसाच्या हातात द्यावी. चष्मा हरवला किंवा फुटला तर तेवढ्या कागदावर कोणत्याही गावात तोच चष्मा पुन्हा करून मिळतो.

कळावे,
आपला,
एक नेत्रतपासनीस, सातारा